फोटोतली ‘गाठ’ आणि जठराची घडी

एक क्ष-किरणचित्र डोळ्यांसमोर आणा. काळसर पार्श्वभूमीवर एक पांढरी पट्टी वरून खाली उतरते आहे. ही पट्टी म्हणजे अन्ननलिका. रुग्णाला थोड्याच वेळापूर्वी खडूच्या निवळीसारखे दिसणारे एक मिश्रण पिण्यास दिले होते. ते अन्ननलिकेतून जठरात उतरत आहे. म्हणून जठरही पांढरे दिसते. परंतु जठराच्या अगदी वरच्या भागात, अन्ननलिका जेथे जठराला मिळते त्याच ठिकाणी, पांढऱ्या रंगात एक गोलसर राखी जागा सुटलेली आहे. तिचा आकार साधारण लिंबाएवढा. त्या जागेत मिश्रण शिरलेलेच नाही.

ही गाठ आहे काय? जठराच्या पोकळीत मांसाचा गोळा वाढू लागला, तर तो नेमकी अशीच जागा अडवतो आणि चित्रात अशीच पोकळी दिसते. हे चित्र पाहून रुग्णाच्या घरच्यांच्या पोटात गोळा उठला तर नवल नाही. परंतु त्याच चित्रासोबत एक जुना कागद आला आणि त्यावर “चार वर्षांपूर्वी आम्ल वर येऊ नये म्हणून जठरावर शस्त्रक्रिया” असे लिहिलेले असले, तर सारा अर्थच पालटतो. ती गाठ नव्हे. ती शस्त्रक्रियेत मुद्दाम घातलेली जठराची घडी होय. म्हणजे चित्र तेच राहते, पण एका माहितीने निष्कर्ष उलटा होतो.

हे कसे, ते समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र आणि बरेचसे पदार्थविज्ञान लागेल. त्यातले बहुतेक तुम्ही शाळेत शिकलेलेच आहात.

दोन मजले आणि मधले भोक

आपले धड ही दुमजली इमारत आहे असे समजा. वरच्या मजल्यावर हृदय व फुप्फुसे. खालच्या मजल्यावर जठर, यकृत, आतडी. दोन मजल्यांच्या मध्ये श्वासपटलाचा पडदा. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका घशापासून निघते, छातीतून खाली येते, श्वासपटलातील एका भोकातून पोटात उतरते आणि दोन-तीन सेंटिमीटर गेल्यावर जठराला मिळते.

आता दोन्ही मजल्यांवरील दाबाचा विचार करा. श्वास आत घेताना श्वासपटल खाली सरकते, छातीची पोकळी मोठी होते आणि तिच्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. म्हणून तर हवा आत येते. त्याच वेळी खाली सरकलेले श्वासपटल पोटातील इंद्रियांना दाबते आणि तेथील दाब वाढतो. म्हणजे खाली दाब जास्त, वर कमी. शांतपणे श्वास घेत असतानाही हा फरक पाऱ्याच्या सुमारे १० मिलिमीटरांपर्यंत जाऊ शकतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. तेव्हा हा फरक १३.६ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा झाला. खोकताना, वाकून ओझे उचलताना तो याच्या कितीतरी पट होतो. द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. या हिशेबाने जठरातले अन्न प्रत्येक श्वासाबरोबर वर यावयास हवे!

ते येत नाही, कारण दारावर राखणदार आहेत. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे तीन-चार सेंटिमीटरांचे कडे असते. ते एरवी आवळलेले असते आणि गिळताना तेवढे सैल पडते. श्वासपटलाच्या भोकाची कडही बाहेरून पकड देते. शिवाय अन्ननलिकेचा जो तुकडा पोटात असतो, तो पोटातील दाबाने सर्व बाजूंनी दाबला जातो. मऊ रबरी नळीचे टोक पाण्यात बुडवले की ती चपटी होऊ पाहते, तसेच हे आहे.

काही माणसांत हे कडे नको त्या वेळी वारंवार सैल पडते. काहींत श्वासपटलाचे भोक रुंद होऊन जठराचा वरचा भागच छातीत सरकतो. याला डॉक्टर हायटस हर्निया म्हणतात. मग जठरातील रस वर उसळतो. या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याचा पीएच दीड-दोन इतका खाली असू शकतो. जठराला आतून श्लेष्म्याचे जाड अस्तर असते, म्हणून त्याला ते सोसते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडाशी येणे, रात्री खोकल्याची उबळ ही त्याची लक्षणे. जेवणानंतर कधीतरी जळजळ होणे वेगळे. परंतु हे वर्षानुवर्षे चालले तर अन्ननलिकेत व्रण होतात, ती आकसते, तिचे अस्तर बदलते आणि क्वचित त्यातून कर्करोगही उद्भवतो.

बहुतेकांना आम्लनिर्मिती कमी करणाऱ्या औषधांनी आराम पडतो. पण ही औषधे रसातील आम्ल कमी करतात; नादुरुस्त दार दुरुस्त करीत नाहीत. थोड्या रुग्णांच्या बाबतीत मात्र दारच दुरुस्त करण्याची वेळ येते.

सायकलच्या व्हॉल्व्हची युक्ती

सायकलच्या चाकात हवा भरताना तुम्ही जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह पाहिला असेल. धातूच्या पोकळ काडीला बाजूने एक बारीक छिद्र असते आणि त्यावर रबराची तोकडी नळी घट्ट बसवलेली असते. तिला दुकानदार ‘व्हॉल्व्ह ट्यूब’ म्हणतात. पंपाची हवा छिद्रातून बाहेर येताना रबराला किंचित उचलते आणि चाकात शिरते. चाकातील हवा परत जाऊ लागली, की तिचाच दाब रबराला छिद्रावर दाबतो आणि वाट बंद होते. गंमत अशी, की आतील दाब जितका अधिक, तितकी झडप घट्ट.

शल्यविशारदांनी जठराच्या बाबतीत हीच युक्ती योजली. जठराचा वरचा भाग घुमटासारखा असतो. हा घुमट सैल, ताणता येणारा. तो अन्ननलिकेच्या मागून ओढून घेऊन तिच्या खालच्या टोकाभोवती गळपट्ट्यासारखा गुंडाळायचा आणि टाके घालून पक्का करायचा. श्वासपटलाचे भोक मोठे असेल तर तेही टाक्यांनी लहान करायचे. गुंडाळलेली घडी जठराचाच भाग असल्यामुळे जठरातला दाब वाढला की घडीतलाही वाढतो आणि ती अन्ननलिकेला बाहेरून अधिक आवळते. जो दाब रसाला वर ढकलणार, तोच दार बंद करतो.

घडीचा आणखी एक उपयोग आहे. फुगा फुगवताना त्याची मान आखूड होत जाते, हे तुम्ही पाहिले असेल. भरपेट जेवणानंतर जठराच्या बाबतीत असेच घडू पाहते. अन्ननलिकेचे आवळलेले टोक ताणले जाऊन आखूड होते. घडी भोवती असली की मान अशी उघडू शकत नाही.

ही शस्त्रक्रिया रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जन्म १८९६ मधला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांनी जर्मनी सोडली आणि ते तुर्कस्तानात इस्तंबूलला गेले. तेथे १९३६ साली एका तरुणाच्या अन्ननलिकेचा व्रणाने खराब झालेला खालचा भाग त्यांनी काढला आणि उरलेली अन्ननलिका जठराला जोडली. जोड उसवू नये म्हणून त्याभोवती जठराची घडी घातली. हेतू एवढाच, की टाक्यांना आधार मिळावा. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या रुग्णाची तपासणी झाली, तेव्हा त्याला आम्ल वर येण्याचा त्रास मुळीच नव्हता. एका कामासाठी घातलेली घडी दुसरेच काम करीत होती! या निरीक्षणाचा धागा पकडून निसेन यांनी १९५५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे फक्त घडी घालण्याची शस्त्रक्रिया केली आणि १९५६ साली ती प्रसिद्ध केली.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी निसेन यांचे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. १९४८ साली ते अमेरिकेत असताना एका रुग्णाच्या पोटातील महारोहिणी फुगून तिचा फुगवटा झालेला आढळला. निसेन यांनी तो फुगवटा सेलोफेनच्या कागदात गुंडाळला, म्हणजे भोवती तंतू वाढून भिंत बळकट व्हावी. तो रुग्ण पुढे सहा वर्षांहून थोडा अधिक काळ जगला. त्याचे नाव अल्बर्ट आइन्स्टाइन!

सुरुवातीला ही घडी पोट उघडून घालीत. १९९१ साली बेल्जियममधील बर्नार्ड दालमान्य यांनी पोटावर लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने ती घातल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आपल्या मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी त्याच्या एकच वर्ष आधी, १९९० साली, जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली होती. दुर्बिणीचे तंत्र त्यानंतर झपाट्याने पसरले. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी दक्षिण मुंबईच गाठावी लागते असे राहिलेले नाही. याचाच अर्थ असा, की घडी घातलेली माणसे आता आपल्या आसपास, आपल्याच गाडीच्या डब्यात असू शकतात. पोटावर चार-पाच बारीक व्रण सोडले तर बाहेरून काही दिसत नाही.

बेरियमच का?

आता फोटोकडे वळू या. क्ष-किरणांचे चित्र म्हणजे सावली. हाडात कॅल्शियम असते, म्हणून त्याची सावली ठळक पडते. जठर, अन्ननलिका आणि भोवतालचे स्नायू हे सर्व मुख्यतः पाणी, कर्बयुक्त पदार्थ यांचे बनलेले. त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून जठराच्या पोकळीत असा पदार्थ भरावा लागतो, की जो क्ष-किरण चांगलेच अडवील.

क्ष-किरणाचा कण अणूवर आदळून त्यातील इलेक्ट्रॉन उखडतो आणि स्वतः नाहीसा होतो, या घटनेला प्रकाशविद्युत परिणाम म्हणतात. एक ग्रॅम पदार्थात अशा घटना किती घडतील हे अणुक्रमांकाच्या सुमारे तिसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलते. मऊ मांसपेशींचा सरासरी अणुक्रमांक साडेसात धरा. बेरियमचा ५६. भागाकार सुमारे साडेसात. त्याचा घन केला की चारशेच्या वर आकडा येतो. क्ष-किरण नुसते विखुरलेही जातात, ते जमेस धरले तर प्रत्यक्ष फरक यापेक्षा बराच कमी भरतो. तरीसुद्धा बेरियम पांढरेशुभ्र दिसावे एवढा तो नक्कीच असतो.

बेरियमच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या अणूतील सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उखडण्यास ३७.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. क्ष-किरणाच्या कणाजवळ याहून किंचित कमी ऊर्जा असेल, तर तो या इलेक्ट्रॉनांना हात लावू शकत नाही. ही मर्यादा ओलांडताच शोषण एकदम पाच-सहा पट वाढते. पोटाच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांतील पुष्कळ कण या मर्यादेच्या थोडे वरच असतात. म्हणजे बेरियम या कामासाठी जणू मापून घेतलेले आहे.

बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, हे रसायनशास्त्राच्या तासाला तुम्ही ऐकले असेल. मग ते रुग्णाला कसे पाजतात? वापरतात ते बेरियम सल्फेट. ते पाण्यात आणि जठरातल्या आम्लातही जवळजवळ विरघळत नाही. जसे आत जाते, तसेच मलावाटे बाहेर पडते. हेच संयुग निसर्गात बॅराइट या खनिजाच्या रूपाने सापडते आणि आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे त्याचा जगातील फार मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे.

शस्त्रक्रियेनंतर लगेचच तपासणी करावयाची असेल, तर मात्र डॉक्टर आयोडीनयुक्त, पाण्यात विरघळणारे द्रावण पसंत करतात. कारण एखादा टाका उसवला असेल तर द्रव पोटाच्या पोकळीत गळेल. आयोडीनचे द्रावण शरीर शोषून बाहेर टाकते. बेरियमची भुकटी तेथेच राहून दाह निर्माण करते.

घडीचे चित्र कसे वाचावे?

एक सोपा प्रयोग करा. पारदर्शक काचेच्या पेल्यात कडक कोरा चहा थंड करून भरा. इंजेक्शनची रिकामी, स्वच्छ, बूच लावलेली लहान बाटली किंवा परीक्षानळी त्यात बुडवून धरा आणि पेला खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहा. चहा गडद, पण बाटली आहे तेथे उजळ जागा. तुम्हाला बाटली दिसते असे वाटते. खरे तर ‘येथे चहा नाही’ एवढेच दिसते. बाटलीऐवजी पारदर्शक गोटी किंवा बर्फाचा खडा असता तरी अशीच जागा सुटली असती. जागा कशाने अडवली हे चहा सांगू शकत नाही.

बेरियमच्या चित्राचेही असेच आहे. गाठीनेही जागा सुटते आणि घडीनेही. म्हणून घडीच्या चित्राला इंग्रजी वैद्यकीय ग्रंथांत ‘खोटी गाठ’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. मात्र नीट पाहिले तर काही खुणा सापडतात.

पहिली खूण म्हणजे कडा. चांगल्या घडीची कड गुळगुळीत असते आणि अन्ननलिकेच्या दोन्ही अंगांना ती बहुधा सारखी दिसते. कर्करोगाची गाठ बहुधा एका बाजूला, खडबडीत, व्रणांनी कुरतडलेली असते.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची. राखी जागेच्या बरोबर मधून बेरियमची एक अरुंद, सरळ पांढरी रेघ खाली जाते. ही अन्ननलिकेची पोकळी. मण्यातून दोरा ओवलेला असावा तसे हे दिसते. घडी नलिकेच्या भोवती आहे, तिच्या आत नाही, याचा हा पुरावा.

तिसरी खूण जागेची. घडी श्वासपटलाच्या खाली असली पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मधली रेघ फारच बारीक दिसते, कारण टाक्यांभोवती सूज असते. सूज उतरली की ती रुंदावते. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या चित्राची आणि सहा महिन्यांनंतरच्या चित्राची तुलना करताना तारीख पाहावी लागते.

तरीही हे लक्षात असू द्या, की या खुणा दिशा दाखवतात, शेवटचा निकाल देत नाहीत. शंका उरलीच तर अन्ननलिकेतून दुर्बीण घालून आतून प्रत्यक्ष पाहावे लागते.

घडी बिघडते तेव्हा

जठराची ही घडी एका हलत्या पडद्याच्या अगदी खाली बसते. मिनिटाला १५ श्वास धरले तर तासाला ९००, दिवसाला २१,६०० आणि वर्षाला सुमारे ७९ लाख वेळा श्वासपटल वर-खाली होते. शिवाय खोकला, शिंका, उलटी हे मोठे झटके निराळे. धातूची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जिवंत पेशीजाल स्वतःची डागडुजी करते, म्हणून बहुतेक घड्या टिकतात. पण सगळ्या नव्हे. बिघाड मुख्यतः चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची सावली वेगळी असते.

घडी सुटली, तर राखी जागा लहान होते किंवा नाहीशीच होते आणि बेरियम पुन्हा मोकळेपणाने वर येऊ शकते. गंमत पाहा, ज्या ‘गाठी’ने घरचे घाबरले, ती दिसेनाशी होणे हीच येथे वाईट बातमी!

श्वासपटलाचे भोक पुन्हा रुंदावले, तर घडी जशीच्या तशी छातीत सरकते. चित्रात ती श्वासपटलाच्या वर दिसते.

घडी अन्ननलिकेवरून घसरून खाली जठरावर आली, तर ती जठरालाच मध्ये आवळते. मग जठर वाळूच्या घड्याळासारखे दिसते. वर एक लहान कप्पा, खाली मोठा.

घडी फार घट्ट बसली, तर मधली रेघ दोऱ्याएवढी राहते, तिच्या वर अन्ननलिका फुगते आणि बेरियम बराच वेळ तेथेच साचून राहते. रुग्णाची तक्रार असते, की चपातीचा घास छातीत अडकतो.

परिणाम कसे असतात?

घडी घातली म्हणजे माणूस कायमचा बरा झाला काय? येथे आकड्यांकडे वळले पाहिजे. स्वीडनमध्ये २००५ ते २०१४ या काळात दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ जणांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी साडेपाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला असता ४७० जणांना, म्हणजे १७.७ टक्के लोकांना, पुन्हा त्रास झाल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांना दीर्घकाळ औषधे घ्यावी लागली. त्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. उलट बाजूने वाचा: शंभरातील ८२ जणांच्या बाबतीत तसे घडले नाही.

दुसरा अभ्यास युरोपातील ११ देशांचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला. ५५४ रुग्णांचे दोन गट करून एकाला औषध आणि दुसऱ्याला शस्त्रक्रिया नेमून दिली होती. पाच वर्षांनंतर औषधाच्या गटात ९२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ८५ टक्के लोकांचा आजार आटोक्यात होता. दोन्ही उपाय चांगले ठरले. परंतु लक्षणे एकेक करून पाहिली की खरी माहिती हाती येते. आंबट पाणी वर येण्याची तक्रार औषधाच्या गटात १३ टक्के लोकांना होती, शस्त्रक्रियेच्या गटात फक्त २ टक्क्यांना. घास अडकण्याची तक्रार मात्र अनुक्रमे ५ आणि ११ टक्के. पोट फुगण्याची २८ आणि ४० टक्के.

हे आकडे पाठ करू नका. ते का आले असावेत याचा विचार करा. झडप द्रव अडवते, तशीच वायूही अडवते. जेवताना प्रत्येक घासाबरोबर आपण थोडी हवा गिळतो आणि ती ढेकरीवाटे बाहेर टाकतो. घडी चांगली बसली की ढेकर येणे कठीण होते. हवा आत राहते, पोट फुगते, ती खालच्या वाटेने जाते. चित्रात जठराच्या घुमटात हवेचा मोठा बुडबुडाही दिसू शकतो. म्हणजे हा दोष झडपेच्या गुणातूनच जन्मला आहे. म्हणूनच शल्यविशारदांनी पुढे घडी आखूड आणि सैल ठेवण्यास सुरुवात केली. काही जण पूर्ण ३६० अंशांऐवजी २७० किंवा १८० अंशांचीच घडी घालतात, म्हणजे ढेकरीला थोडी वाट राहते. किती घट्ट, किती सैल, याचा तोल साधणे हेच यातील कौशल्य.

तिसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१९ सालचा. औषधाने छातीतील जळजळ थांबत नाही अशा ३६६ जणांची कसून तपासणी केली, तेव्हा केवळ ७८ जणांचीच जळजळ खरोखर रस वर येण्याशी निगडित ठरली आणि ते शस्त्रक्रियेच्या चाचणीस पात्र झाले. इतरांपैकी काहींची जळजळ औषध नीट वेळेवर घेताच थांबली, काहींचे कारण निराळेच निघाले. त्या ७८ जणांत मात्र शस्त्रक्रियेने ६७ टक्के लोकांना गुण आला, वाढवलेल्या औषधांनी २८ टक्क्यांना. रुग्णाची निवड नीट झाली तर तीच शस्त्रक्रिया अधिक फळ देते.

फोटो काय सांगत नाही?

वरील तपासणीत बेरियमच्या फोटोवर निकाल दिलेला नव्हता. कारण फोटो आकार दाखवतो. चोवीस तासांत दार किती वेळा उघडले हे तो दाखवत नाही. निरोगी माणसातही एखाद वेळी बेरियम वर आलेले दिसते आणि खऱ्या रुग्णातही तपासणीच्या त्या दहा मिनिटांत ते येत नाही. म्हणून नाकातून एक बारीक तार अन्ननलिकेत सोडून चोवीस तास पीएच मोजतात. दिवसाच्या सहा टक्क्यांहून अधिक वेळ पीएच ४ च्या खाली राहिला, तर आम्ल नक्की वर येते असे मानतात. चोवीस तासांचे सहा टक्के म्हणजे सुमारे ८६ मिनिटे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. एखाद्याचा फोटो अगदी छान असतो, घडी जागच्या जागी असते, तरी जळजळ चालू असते. दुसऱ्याची घडी थोडी सरकलेली असते, पण त्याला काहीच त्रास नसतो. अशा वेळी फोटोवर नव्हे, माणसावर उपचार करावयाचे असतात. फोटो, पीएचची नोंद आणि रुग्णाचे बोलणे या तिन्ही साक्षी एकत्र ऐकाव्या लागतात.

आणि फोटो पुन्हा पुन्हा काढणे फुकटही पडत नाही. छातीच्या साध्या फोटोत ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी प्रारण मिळते. बेरियमच्या तपासणीत दीड ते सहा मिलिसिव्हर्टपर्यंत. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळते, त्याच्याशी तुलना करा. तपासणी आवश्यक असेल तर घाबरण्यासारखे यात काही नाही. पण जुना फोटो हरवला म्हणून नवा काढणे हे टाळता येण्यासारखे आहे. आपल्या देशात क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि त्याचे कार्यालय मुंबईच्याच उपनगरात, अणुशक्तिनगरला आहे.

तेव्हा घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ती कोणती, कोणत्या तारखेला झाली, घडी किती अंशांची घातली हे लिहिलेला कागद आणि त्यानंतरचे पहिले फोटो एका पाकिटात जपून ठेवा. मुलुंडचा माणूस उद्या गावी आजारी पडेल आणि तेथील डॉक्टर त्याचा फोटो पहिल्यांदाच पाहतील. त्या वेळी हा कागद हाताशी असला, तर ‘गाठ’ पाहताच त्यांना घडी आठवेल. नाहीतर नसलेल्या रोगाची तपासणी सुरू होईल. जुना फोटो शेजारी ठेवला, की घडी तशीच आहे, सुटली की सरकली हेही कळते.

विचार करा

१. श्वासपटलाखाली असलेली घडी छातीत सरकली, तर तिच्यावरील बाहेरचा दाब वाढेल की कमी होईल? तिची झडप म्हणून कामगिरी सुधारेल की बिघडेल?

२. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ आहे. वरील घनाच्या नियमाने एक ग्रॅम आयोडीन आणि एक ग्रॅम बेरियम यांची तुलना करा. सावलीच्या दृष्टीने दोघांत फार फरक पडेल काय?

३. चहाच्या पेल्यात बाटली समोरून पाहा, मग पेला फिरवून बाजूने पाहा. बाटली काचेला टेकलेली आहे की मधोमध आहे, हे एका चित्रावरून कळते काय? बेरियमच्या तपासणीत रुग्णाला कुशीवर वळवून आणखी फोटो का घेतात, याचे उत्तर तुम्हाला यातच सापडेल.